नानांचे मेल कुठे जात होते

तक्रार एवढीच होती की शाळेच्या कार्यालयात आलेले मेल गायब होतात. शाळा अनुदानित, माध्यमिक, अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या एका गावातली. मेल बघण्याचं काम वरिष्ठ लिपिकांकडे. त्यांना शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे नाना म्हणतात, म्हणून इथेही नानाच. वेतनबिलातल्या त्रुटींची यादी आली होती, ती सापडत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत वाढल्याचा मेल शेजारच्या शाळेला मिळाला, इथे त्याचा पत्ता नाही. नानांना दिसत नाही, तेव्हा चुकून डिलीट होत असणार, असं स्टाफरूममध्ये ठरूनही गेलं होतं. मेलचं काम कनिष्ठ लिपिकाकडे द्यायचं आणि नानांना आवक-जावकच्या टेबलाशी बसवायचं, इथपर्यंत बोलणं आलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी ते थांबवलं. मी स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, शिकवते, म्हणून त्यांनी मला येऊन बघायला सांगितलं.

नाना नोकरीला लागले तेव्हा त्यांना दिसत होतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा त्यांचा आजार. सुरुवात रातांधळेपणानं झाली, मग नजरेचा घेर बाजूंनी आवळत गेला, आणि आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच कळतं. पण टायपिंगची मराठी तीसची परीक्षा त्यांनी तरुणपणीच दिलेली, त्यामुळे बोटांना कीबोर्ड पाठ. नजर गेल्यावर कॉम्प्युटर शिकणाऱ्या अनेकांचा पहिला बराच काळ अक्षरं शोधण्यात जातो. नानांचा तो वाचला होता. वेतनबिलांचे बारकावे, सेवापुस्तकातल्या नोंदी, कोणत्या पत्राला कोणतं जुनं पत्र जोडायचं, हे त्या कार्यालयात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून प्रश्न एका कर्मचाऱ्याच्या सोयीपुरता नव्हता.

कायद्याची बाजू इथेच सांगते, कारण बाईंनीही पहिल्यांदा तीच विचारली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेनं कामावरून कमी करायचं नाही आणि पदावनतही करायचं नाही. तो त्या पदाचं काम करू शकत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसरं पद द्यायचं. या कायद्याच्या व्याख्येत शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही शासकीय आस्थापनेत येतात. म्हणजे नानांच्या नोकरीला धक्का नव्हता. पण नोकरी टिकणं आणि काम टिकणं यांत फरक आहे. ज्याला सगळं कार्यालय पाठ आहे, त्याला टपालावर शिक्के मारायला बसवलं तर पगार तोच राहतो आणि माणूस आतून संपतो. मी गेले ते काम टिकवायला.

शाळेच्या विंडोज कॉम्प्युटरवर एनव्हीडीए होता. हा स्क्रीन रीडर मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला, आणि आजही तो फुकट मिळतो. खेड्यातल्या शाळेला विकतचा स्क्रीन रीडर परवडत नाही, त्यामुळे आपल्याकडे हाच चालतो. त्यात ई-स्पीकचा मराठी आवाज आहे. कानाला रुक्ष लागतो, पण वेग वाढवला तरी शब्द फुटत नाहीत. मेल वाचायला-पाठवायला थंडरबर्ड हा प्रोग्राम. खातं संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरचं. ही सगळी मांडणी नानांच्या भाच्यानं सुटीत येऊन करून दिली होती आणि काही शॉर्टकट एका कागदावर लिहून दिले होते. ते नानांनी कुणाकडून तरी वाचून घेऊन पाठ केले होते.

बसल्या बसल्या नाना म्हणाले, "ताई, मी काहीच डिलीट करं नही. मंग मेल कथा गया?"

मी त्यांना काही शिकवायला घेतलं नाही. हेडफोन काढून स्पीकर लावला आणि रोजचं काम करा म्हटलं. अशा वेळी स्क्रीनकडे पाहायचं नाही, हा माझा नियम आहे. डोळे लगेच पुढचं सांगून टाकतात आणि कानाला काय मिळतंय ते आपल्याला कळत नाही.

नानांनी थंडरबर्ड उघडलं. खाली बाण, खाली बाण. एनव्हीडीए विषय वाचत गेला: अति तात्काळ, कालमर्यादित… पुढचा: अति तात्काळ… पुढचा: फॉरवर्ड, फॉरवर्ड, अति तात्काळ. प्रत्येक विषयाची सुरुवात सारखी. डोळस माणूस ही अक्षरं ओलांडून एका नजरेत पुढचं वाचतो, नानांना दर ओळीला ती ऐकून घ्यावी लागत होती. ऐकून कंटाळलं की ते कंट्रोल दाबून आवाज तोडत आणि पुढे जात. ही सवय लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

एका मेलवर थांबून त्यांनी एंटर न दाबता थेट 'के' दाबलं. मी विचारलं, हे कशासाठी? "लिंक पाहिजे ना, फॉर्मची." भाच्याच्या कागदावर होतं: के म्हणजे पुढची लिंक, एच म्हणजे हेडिंग, टी म्हणजे तक्ता, बी म्हणजे बटण, एफ म्हणजे फॉर्ममधली जागा. सगळं बरोबर. वेबपानावर आणि उघडलेल्या मेलच्या मजकुरात एनव्हीडीएची हीच अक्षरं चालतात. पण नाना मजकुरात नव्हते. ते मेलच्या यादीत होते, आणि यादीत ही अक्षरं एनव्हीडीएची नसतात. तिथे तो ती सरळ थंडरबर्डच्या हातात देतो. थंडरबर्डमध्ये 'के' म्हणजे या विषयाची सगळी साखळी दुर्लक्षित करा. तो मेल आणि त्याच्यावर पुढे येणारी उत्तरं त्या क्षणी यादीतून दिसेनाशी होतात.

मग नाना मेल न उघडता यादीत असं का करत होते? कारण त्यांना तो उघडलाय असं वाटत होतं, आणि तसं वाटायला सबळ कारण होतं. थंडरबर्डमध्ये यादीच्या शेजारी किंवा खाली एक खिडकी असते, तिच्यात निवडलेला मेल आपोआप दिसतो. नानांनी सुरुवातीला शाळेच्या कॉम्प्युटर शिक्षकांना विचारलं होतं, मेल उघडला का? सरांनी पाहिलं, मजकूर समोर दिसत होता. म्हणाले, हो नाना, उघडलाय. डोळ्यांच्या दृष्टीनं उत्तर खरं होतं. पण कीबोर्डचा रोख यादीवर होता, मजकुरावर नव्हता. स्क्रीनवर काय दिसतंय आणि फोकस, म्हणजे हा कीबोर्डचा रोख, कुठे आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डोळस माणसाला कधी जाणवतच नाही, कारण माउस दोन्ही एकत्र आणतो. या एका "उघडलाय" पायी नाना कित्येक महिने यादीत उभे राहून मजकुरात चालायला बघत होते.

'टी'चंही तेच. पगाराच्या तक्त्यावर जायला टी दाबलं की थंडरबर्ड पुढच्या न वाचलेल्या साखळीवर उडी मारत होतं. 'एफ' आणि 'बी' दाबलं की पुढचा किंवा मागचा मेल. नानांना वाटे कॉम्प्युटर घसरतोय. साखळी दुर्लक्षित केली की थंडरबर्ड तसं सांगणारी आणि परत फिरण्याचं बटण असलेली एक पट्टी दाखवतं. पण कुणी तिकडे बघत नव्हतं, आणि नाना तोवर कंट्रोल दाबून आवाज तोडून पुढे गेलेले असत.

दुसरी वाट मात्र मला लगेच सापडली नाही, कारण काही मेल 'के'च्या हिशेबात बसत नव्हते. ते सापडले आर्काइव्हच्या, म्हणजे मेल जपून बाजूला ठेवण्याच्या, फोल्डरात, वर्षाच्या नावाखाली. यादीत नुसतं 'ए' दाबलं की थंडरबर्ड मेल तिथे हलवतं, विचारत नाही. पण नाना 'ए' कशाला दाबतील? पुन्हा ऐकत बसल्यावर उलगडलं. एनव्हीडीएचे दोन कीबोर्ड आराखडे आहेत. लॅपटॉपच्या आराखड्यात सगळं सलग वाचून दाखव हा आदेश एनव्हीडीए बटण (एनव्हीडीएला आदेश देताना दाबून धरायचं बटण) आणि ए असा आहे, आणि भाच्यानं ते एनव्हीडीए बटण कॅप्स लॉकला दिलं होतं. घरच्या लॅपटॉपवर ते झकास चालतं. शाळेचा कीबोर्ड जुना, त्यावरचं कॅप्स लॉक दाबलं तरी दर वेळी लागेलच असं नाही. नाही लागलं की उरतं नुसतं ए. मेल वाचून दाखवायच्या ऐवजी आर्काइव्हमध्ये जायचा, फोकस पुढच्या ओळीवर यायचा, आणि एनव्हीडीए पुढचा विषय वाचायचा. नानांना ऐकू यायचं: अति तात्काळ. आधीच्या ओळीलाही तेच ऐकू आलेलं. मेल बदललाय हे कानाला कळायला काही जागाच नव्हती.

तिसरं कारण किरकोळ होतं. शोधासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि के दाबून उघडलेली चाळणी साफ न करताच राहून जायची, आणि मग यादीत जुळणारे मेल तेवढे उरायचे. एस्केप दाबून ती रिकामी करायची, मग बंद करायची, एवढं सांगून भागलं.

म्हणजे नानांनी एकही मेल डिलीट केला नव्हता. दुर्लक्षित साखळ्या दाखवण्याची सोय व्ह्यू मेनूत थ्रेड्सखाली आहे. ती चालू करून त्यांनी एकेक साखळी स्वतः परत आणली, आर्काइव्हमधले मेल इनबॉक्समध्ये हलवले. बाई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. त्रुटींची यादी वाचली गेली तेव्हा त्यांनी लगेच स्टाफरूममधून दोघा-तिघांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा वाचायला लावली. मला ते फार योग्य वाटलं. आरोप चारचौघांत झाला होता, तर तो पुसलाही चारचौघांत जायला हवा होता.

काय बदललं

सगळ्यात आधी शॉर्टकटचा कागद बाजूला ठेवला. माझं ठाम मत आहे की स्क्रीन रीडर शिकवताना बटणांची यादी पहिल्या दिवशी देऊ नये. आधी एकच प्रश्न शिकवावा: मी आत्ता कुठे आहे? नानांनी तो लगेच आपल्या बोलीत घेतला, "मी कोठे शे?" त्याची उत्तरं दोन बटणांत मिळतात. एनव्हीडीए आणि टी दाबलं की खिडकीचं शीर्षक, एनव्हीडीए आणि टॅब दाबलं की फोकस नेमका कशावर आहे ते: यादी, फोल्डरांची फांदी, लिहिण्याची चौकट की मजकूर. कुठलंही एकटं अक्षर दाबायच्या आधी हे विचारायचं. पहिले काही दिवस हे संथ वाटतं. अंधारात घरात फिरणारा माणूस पाऊल टाकण्याआधी भिंतीला हात लावतो, तेवढाच हा वेळ.

मग थंडरबर्डची रचना. एफ ८ दाबून ती मजकुराची खिडकी बंद केली. आता यादी ही फक्त यादी, आणि मेल उघडला असं कुणी म्हटलं तर तो खरंच एंटर दाबून उघडलेला असतो. सेटिंगमध्ये मेल नव्या खिडकीत उघडेल असं केलं, म्हणजे शीर्षक विचारलं की त्या मेलचा विषय ऐकू येतो. वाचून झालं की कंट्रोल आणि डब्ल्यू दाबून खिडकी बंद, परत यादीत. मजकुरात एनव्हीडीएचा वाचनाचा मोड चालू असतो. तिथे के, एच, टी ही त्याचीच अक्षरं, आणि ज्या अक्षराला काही काम नाही तेही तो अडवून धरतो, प्रोग्रामपर्यंत जाऊ देत नाही. म्हणून तिथे बोट चुकीच्या अक्षरावर पडलं तरी मेल जागचा हलत नाही. फोल्डर आणि यादी यांच्यात जायला एफ ६. आता जागा दोनच उरल्यामुळे एफ ६ दाबलं की कुठे पोचणार ते नानांना आधीच माहीत असतं.

यादी कार्डांच्या रूपात होती, ती तक्त्याच्या रूपात आणली. थंडरबर्डच्या २०२३ च्या आवृत्तीपासून हे कार्ड आलं आहे, डोळ्यांना ते देखणं वाटत असेल. तक्त्यात मात्र कोणते स्तंभ ठेवायचे आणि कोणत्या क्रमानं, हे आपल्या हातात राहतं. आम्ही पाठवणारा, विषय आणि तारीख एवढेच ठेवले, आणि पाठवणारा पहिला. "अति तात्काळ"च्या आधी कुणाकडून आलाय हे कानावर पडलं की निम्मा निर्णय तिथेच होतो. साखळ्यांची मांडणीही काढली. मिटलेल्या साखळीतली उत्तरं उजवा बाण दाबल्याशिवाय वाचली जात नाहीत, आणि कार्यालयातल्या पत्रव्यवहारात शेवटचं उत्तरच महत्त्वाचं असतं.

एनव्हीडीए बटण म्हणून कॅप्स लॉक बंद, फक्त इन्सर्ट. आराखडा डेस्कटॉपचा. आता सलग वाचनासाठी इन्सर्ट आणि खालचा बाण. कधी इन्सर्ट लागलंच नाही तर नुसता खालचा बाण जाईल, त्यानं फार तर पुढचा मेल येईल, कुठे नाहीसा होणार नाही. घरच्या लॅपटॉपवरही तेच करून घेतलं. दोन जागी दोन सवयी बोटांना सांभाळता येत नाहीत.

जोडपत्रांसाठी मी शॉर्टकट सांगितला नाही, मेनू सांगितला. ऑल्ट आणि एफनं फाइल मेनू, त्यात अटॅचमेंट्स, त्यात सगळी सेव्ह करा. मेनू बोलून दाखवताना एनव्हीडीए त्या कामाचा शॉर्टकटही सांगतो, म्हणजे रोजच्या वापरातून शॉर्टकट आपोआप कानावर पडत राहतात आणि ज्याची गरज असेल तो पाठ होतो. उत्तरासाठी कंट्रोल आणि आर, नवीन मेलसाठी कंट्रोल आणि एन, पाठवायला कंट्रोल आणि एंटर, हे नानांना येतच होतं. पाठवण्याआधी विचारण्याची सोय चालू ठेवली. ती कधीही बंद करू नये, विशेषतः सगळ्यांना उत्तर जाणाऱ्या मेलमध्ये.

नानांनी स्वतःहून केलेला एक बदल मला फार आवडला. आपल्या शाळेतून जाणाऱ्या मेलच्या विषयात ते आता कामाचं नाव आधी लिहितात आणि "तात्काळ" शेवटी. कुणी विचारलं तर ते सांगतात, तिकडेही कुणी ऐकून वाचणारा असू शकतो.

जे अजून अडलंय

कार्यालयाच्या टपालाचा मोठा भाग मेलमध्ये नसतोच, जोडपत्रात असतो, आणि ते जोडपत्र म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा स्कॅन. स्क्रीन रीडरच्या दृष्टीनं ते चित्र. पीडीएफ उघडतो, आणि एनव्हीडीए गप्प. अशी फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडली तर मराठी मजकूर बराचसा निघतो. नाना तसं करतात. पण तक्ते मोडतात, आकडे एका रकान्यातून दुसऱ्यात घुसतात, आणि वेतनाच्या कागदावर आकडा चुकून चालत नाही. तिथे त्यांना अजूनही कनिष्ठ लिपिकाकडून वाचून घ्यावं लागतं.

जुन्या फाँटचे कागद त्याहून वाईट. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये देवनागरीची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चुरा असतो, आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. फाँट ओळखून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदलून देणारी साधनं आहेत, पण फाँट कोणता हे ऐकून ओळखता येत नाही. एनव्हीडीए आणि एफ दाबलं की फाँटचं नाव ऐकू येतं, तेवढी वाट नानांना दाखवली. वर्डच्या फाइलीत ती चालते.

हे दोन्ही प्रश्न नानांच्या टेबलावर सुटणारे नाहीत. ज्यानं कागद तयार केला त्याच्याकडे मूळ युनिकोड फाइल असते. स्कॅनच्या सोबत तीही जोडणं अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बाईंनी शाळेच्या लेटरहेडवर तशी विनंती लिहायचं ठरवलं, आणि मसुदा नानांनीच टाईप केला. त्यात २०१६ च्या कायद्याच्या कलम ४२ चा उल्लेख घातला, कारण माहिती आणि संपर्काची साधनं दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत याची जबाबदारी ते कलम शासनावर टाकतं. काही ठिकाणांहून वर्ड फाइल यायला लागली आहे, काहींकडून फक्त "पाहतो" असं उत्तर आलं. न आलेल्यांची यादी नानांनी थंडरबर्डमध्ये वेगळा फोल्डर करून ठेवली आहे, आणि दर सोमवारी ते स्मरणपत्र पाठवतात.